मास्तरांचं हवामान

मास्तर 'दमट' हा शब्द आमच्या घरात चालू देत नसत. भिंत दमट असते, ते म्हणत. गोधडी दमट असते, चुलीतलं लाकूड दमट असतं. हवा दमट कशी असेल? हवेला कुणी हात लावून पाहिलाय का? एकदा आई सहज म्हणाली, "आज फारच दमट आहे हो मास्तर. पन्हं घेता का थोडं?" तर त्यांनी हातातला पेला खाली ठेवला.

"काय दमट आहे? पन्हं?"

आई गोंधळली. "नाही, हवा."

"मग आधी हवेला नाव शोधा. पन्हं मागाहून घेतो." एवढं बोलून ते सज्जात गेले. पन्हं मी प्यायले.

ते मला मराठी शिकवायला येत. हे सांगायला मला अजूनही संकोच वाटतो, कारण माझा जन्म गिरगावातला, आईबाप मराठी, दारात तुळस. पण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हौसेने मला फोर्टातल्या मडमांच्या शाळेत घातलं. तिथे दिवसभर इंग्रजी आणि घरी आल्यावर थकवा. तिथल्या मडमांना माझं इंग्रजी कच्चं वाटे आणि वाडीतल्या बायकांना माझं मराठी. त्यामुळे मी दोन्ही भाषांत गप्प बसायला शिकले. लग्नाचं वय उलटत चाललं तेव्हा आईने हट्ट धरला, की पोरीला निदान चार वाक्यं धड बोलता आली पाहिजेत. म्हणून मास्तर आले.

पहिल्याच दिवशी त्यांनी 'उन्हाळा' या विषयावर लिहायला सांगितलं. मी शाळेत लिहिलेला इंग्रजी निबंध आठवून आठवून मराठीत उतरवला: 'उन्हाळा हा सर्व ऋतूंत रमणीय होय. या दिवसांत लोक घराबाहेर पडतात, उन्हात बसतात व आनंदित होतात.' मास्तरांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि सज्जाच्या कठड्यापाशी गेले. खाली चिंचेच्या सावलीत आमचा भाजीवाला पाटीला डोकं टेकून आडवा झाला होता.

"काय रे," मास्तर वरून ओरडले, "उन्हात बसून आनंदित झालास का?"

"काय झालो?"

"आनंदित!"

"जीव चाललाय हो मास्तर!"

"ऐकलंस?" ते माझ्याकडे वळून म्हणाले. "खोड ते."

मास्तर उंच आणि वाळलेले होते. वैशाखातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट घालत. त्या कोटाच्या पाठीवर घाम वाळून मिठाच्या पांढऱ्या रेघा उठलेल्या असत, एकीच्या आत दुसरी, शीवच्या मिठागरात दिसतात तशा. भोईवाड्याला ते आपल्या विधवा थोरल्या बहिणीकडे राहत. ती तो कोट धुवायला मागे, तर देत नसत. म्हणत, या रेघा वाचून मी गेल्या आठवड्याची हवा सांगतो. सोमवारची ही, मंगळवारची ही. एकदा दोघं आमच्याकडे पूजेच्या निमित्ताने आली असताना बहीण आईला म्हणाली, "ह्याला भूक लागलेली कळत नाही हो, आभाळाचं मात्र सगळं कळतं." मास्तर शांतपणे म्हणाले, "भूक रोज एकसारखीच लागते, अक्का. तिच्यात कळायचं काय?"

ते बसत नसत. शिकवणी म्हणजे मी चटईवर आणि ते खोलीतून सज्जात, सज्जातून खोलीत. वाक्याचा कर्ता खोलीत ऐकू येई आणि क्रियापद बाहेरून. चैत्र संपला, की त्यांची ही येरझार वाढे, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यामुळे आम्हां सगळ्यांचीच वाढे. वारा पडलेला, अंगाला कपडा चिकटलेला, मानेवर घामोळं, कुणाचंही कुणाशी धड बोलणं नाही. आई ताटं आपटे. अण्णा कचेरीतून आले, की उपरणं एका खुंटीवर टाकत आणि ते दुसऱ्या खुंटीवर शोधत. मी रात्री उशी उलटीपालटी करत राही. आणि मास्तर दुसऱ्या दिवशी येऊन जणू शुभवार्ता सांगावी तसे सांगत, "अजून चढणार. अजून कुठे काय झालंय!"

एक दिवस मी धीर करून म्हटलं, "आज हवा जड आहे."

ते थांबले. "हे इंग्रजीतून आणलंस."

मी मान खाली घातली.

"जड असायला ती काय पेटी आहे? वारा पडला असेल तर पडला म्हण. मळभ आलं असेल तर मळभ. नुसतं ऊन भाजत असेल तर काहिली, आतून जिवाची उलघाल होत असेल तर तलखी. पावसाआधी सगळं कोंडून राहिलं असेल तर गदमदतंय म्हण. आणि समुद्रावरून वारा येतो पण हलत नाही, येऊन नुसता उभा राहतो, तेव्हा उबारा. आता सांग, आज काय आहे?"

मी पुष्कळ विचार केला. "उबारा."

"हां," ते म्हणाले. "आता कशी गिरगावातली वाटलीस."

हे शब्द ते नुसते माझ्यासाठी जमवत नव्हते. गिरगावात एक छोटं मराठी साप्ताहिक निघे, त्यात 'येते हवामान' नावाचं पाव रकान्याचं सदर मास्तर लिहीत. वेधशाळेचं इंग्रजी पत्रक छापखान्यात येई, पण ते उद्याच्या पलीकडे फारसं बोलत नसे. मास्तर त्यात आपलं मिसळत. घाटावरून गाडी यायच्या वेळी ते दादर स्टेशनावर जाऊन उभे राहत आणि उतरणाऱ्या माणसांना विचारत, "तिकडे गडगडलं का? कुठल्या बाजूला? विजा आधी, की पाऊस आधी?" लोक त्यांना चुकवून जात. एकदा पोलिसाने हटकलं, "कुणाला शोधताय?" मास्तर म्हणाले, "पावसाला." पोलिसाने त्यांना बाकावर बसवून पाणी दिलं. ही गोष्ट मास्तरांनीच सांगितली, आणि तक्रार म्हणून सांगितली. पाणी गरम होतं.

त्यांचे अंदाज बरोबर येत असत का, असं मला पुढे पुष्कळांनी विचारलं. कधी येत, कधी नाही. मास्तरांना त्याचं विशेष वाटत नसे. पाऊस चुकला तर तो पावसाचा प्रश्न. शब्द चुकला तर मात्र त्यांना जेवण जात नसे. आणि त्यांचे शब्द टिकत नसत, हे त्यांचं खरं दुखणं होतं. त्यांनी 'उबारा' लिहावं आणि खिळे जुळवणाऱ्याने 'उकाडा' छापावं. छापखान्याच्या मालकांना विचारलं तर ते म्हणत, "लोकांना कळायला नको का?" मास्तर घरी जाऊन छापलेल्या अंकात शाईने शब्द दुरुस्त करत. तो अंक वाचायला अक्कांखेरीज कुणी नव्हतं, आणि अक्कांना वाचता येत नव्हतं.

एका शब्दासाठी तर ते वर्षानुवर्षं अडून बसले होते. इंग्रजी पत्रकात 'थंडरस्टॉर्म' असे. मास्तर म्हणत, याला आपल्याकडे नाव नाही. वादळ म्हणावं तर ते दर्यावर. वळीव म्हणजे नुसता पाऊस. गडगडाट म्हणजे नुसता आवाज. पण तापलेली जमीन, ओला वारा, वीज, धूळ, गार सरी हे सगळं मिळून जे एक होतं, त्याला काय म्हणायचं? वैशाख लागला, की हा प्रश्न घेऊन ते आमच्या खोलीत फिरत राहत. मी चटईवर बसून त्यांच्या पायांकडे बघत राही.

अशाच एका वैशाखात मला पाहायला दादरहून मंडळी आली.

त्यांचं घर नारळीच्या वाडीत. मुलगा डॉक्टरी शिकत होता. आई नव्हती, घरात आत्याबाईंचं राज्य. आत्याबाई लिहावाचायला शिकलेल्या होत्या आणि ते कुणी विसरू नये अशी त्यांची इच्छा असे. माझ्या अंगावर आईचा शालू होता. समोरच्या सज्जातून शेजारणी पाहतात म्हणून खिडकी लावून घेतलेली. खोलीत दहा माणसं आणि वारा नाही. आत्याबाईंनी विचारलं, "स्वयंपाक?" मी मान हलवली. "शिवणटिपण?" पुन्हा मान. "वाचा आहे ना हो मुलीला?" त्या आईला म्हणाल्या आणि सगळे हसले.

तेव्हा तो, जो तोवर सतरंजीकडे बघत बसला होता, एकदम म्हणाला, "खिडकी उघडली तर चालेल का? त्यांना उकडत असेल."

आणि कुणी काही म्हणायच्या आत उठून त्याने खिडकी उघडली. समोरच्या सज्जात एकच पळापळ झाली. कुणाची तरी वाटी खाली पडून घरंगळत गेली. तो पाठमोरा तसाच थोडा वेळ उभा राहिला, कारण परत फिरून सगळ्यांसमोर बसायची त्याला लाज वाटत होती. मला ते कळलं. तसं उभं राहणं मला चांगलं माहीत होतं.

या घरी जायचं, असं मी त्या क्षणी ठरवलं. कुणाला बोलले नाही. मला विचारलंही नाही कुणी. पण होकार आला तेव्हा आई रडली आणि मी मोरीत जाऊन तोंडावर उगाच पाणी मारत राहिले. मुहूर्त धरला वैशाख वद्य पंचमीचा, गोरज.

त्यानंतरच्या शनिवारी साप्ताहिक आलं. मास्तरांनी त्या वेळी वैशाखाच्या उत्तरार्धाचा सगळा अंदाज एकदम दिला होता. शुद्ध पक्ष सरता सरता काहिली, मग समुद्राकडून उबारा, आणि शेवटी ठळक अक्षरांत: 'वद्य पंचमीचे सुमारास दुपारनंतर मुंबई, परळ, दादर व शीव येथे वज्रयोग संभवतो.'

वज्रयोग! शेवटी त्यांना शब्द मिळाला होता, आणि या खेपेस कुणी तो बदललाही नव्हता. मला मनातून बरं वाटलं. माझ्या लग्नाची तिथी त्यात आहे हेसुद्धा पाऊस म्हणूनच डोक्यात आलं. आई तेवढी म्हणाली, "मांडवावर ताडपत्री घालायला सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन डोक्यावर असताना, सोयरीक जुळवणारे काका दादरहून घामाघूम होऊन आले. अण्णांनी पाणी पुढे केलं. ते घेईनात.

"आत्याबाई लग्नाला तयार नाहीत."

"काय झालं?"

"छापून आलंय. पंचमीला वज्रयोग."

अण्णांना आधी अर्थबोधच होईना. मग ते हसले. "अहो, तो पाऊस! मास्तरांनी पावसाला नाव दिलंय. पंचांगात बघा ना, त्या दिवशी वज्र नाहीच. जोशीबुवांनी तीनदा पाहिलंय."

"ते मी सांगितलं. त्या म्हणाल्या, पंचांग काय, भिक्षुक सांगेल तसं. हे वेधशाळेतून आलेलं आहे. सरकारला खोटं बोलायचं कारण काय?"

पुढे केलेलं पाणी अण्णाच प्यायले. ते स्वतःच रोज अगदी हेच म्हणत असत.

वज्र हा पंचांगातला वाईट योग, एवढं मलाही ठाऊक होतं. त्यात मंगलकार्य करत नाहीत. "मग मुहूर्त पुढे घेऊ," आई दाराआडून म्हणाली. काकांनी बोटांवर महिने मोजले. मुलगा घरातला ज्येष्ठ, तेव्हा ज्येष्ठात त्याचं लग्न नाही. आषाढापासून चातुर्मास. म्हणजे थेट कार्तिकानंतर. "आणि खरं सांगू का वहिनी," काका शेवटी म्हणाले, "ठाण्याचं एक स्थळ त्यांच्याकडे सारखं येतंय. ढकललं म्हणजे मोडलंच समजा."

अण्णा तसेच उठून छापखान्यात गेले. तिथे मालक म्हणाले, "मास्तर लिहून देतील तर छापतो. माझ्या मनाने छापणार नाही. गेल्या अंकातलं चुकलं असं या अंकात छापलं, की पुढचा अंक कोण घेणार?" आणि हेही म्हणाले, की असं मागे घेणं एकदा झालं, की सदर चालवायचं की नाही, याचा विचार करावा लागेल.

सोमवारी मास्तर नेहमीसारखे शिकवणीला आले. आईने पन्ह्याचं विचारलं नाही. अण्णा त्या दिवशी कचेरीत न जाता दारातच उभे होते.

"मास्तर, एक ओळ द्या. वज्रयोग म्हणजे विजांचा पाऊस, एवढंच."

"मी कोश आहे का, शब्दाखाली अर्थ द्यायला?" मास्तर म्हणाले. "समजावून सांगावा लागला, की शब्द मेला."

"पंचांगात तो शब्द आहे, हे तुम्हांला ठाऊक नव्हतं?"

"होतं तर. पंचांगवाल्यांनी उष्टा केला म्हणून मी टाकायचा? वज्र म्हणजे वीज. योग म्हणजे दोघांचं जुळणं. ओला वारा, तापलेली जमीन. काय चूक आहे त्यात?"

"माझ्या पोरीचं लग्न मोडतंय, मास्तर!"

मास्तर फिरायचे थांबले. मी त्यांना इतका वेळ एका जागी उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मोडू नये," ते हळूच म्हणाले. "पण अण्णासाहेब, इतक्या वर्षांत माझा एकच शब्द जसाच्या तसा छापून आलाय." अण्णा आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो. बाहेर वारा अगदी पडला होता. चिंचेचं पान हलत नव्हतं. मला बोलायचं होतं. शेवटी मी म्हटलं, "मास्तर, दुसरा शब्द चालणार नाही का?"

"कुठला?"

"कुठलाही."

"कुठलाही शब्द चालत नाही. म्हणून तर इतकी वर्षं गेली." ते सज्जात गेले, परत आले. "तुला हे लग्न हवंय?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी मान हलवली.

"मानेचं मला कळत नाही. मी भाषेचा मास्तर आहे."

"हवंय," मी म्हणाले.

ते चटईसमोर येऊन थांबले. मग म्हणाले, "बरं. मी शब्द मागे घेणार नाही. पण याच्यापेक्षा चांगला शब्द दिलास, तर हा मोडीत काढीन. नियम तोच. मळभ, तलखी, उबारा. एकाची जागा दुसऱ्याला नाही. दे."

मी प्रयत्न केला. सगळी शिकवणी आठवली, शाळेतलं इंग्रजीही आठवलं. संयोग, मेळ, भेट. प्रत्येकाला त्यांनी मान हलवली. 'संयोग' म्हणजे तेच रडगाणं. 'मेळ' म्हणजे भजन. 'भेट' म्हणजे दोघं आपापल्या घरी परत जातात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा ते कोटाचं बटण चाचपत म्हणाले, "राहू दे आज," आणि जिना उतरून गेले.

आत आई रुखवताचं गाठोडं सोडत होती. मोडलंच असेल तर भांडी तरी परत कपाटात जाऊ देत, म्हणून. त्या उबाऱ्यात सुतळी फुगली होती, आईचे हात घामाने ओले, गाठ काही केल्या सुटेना. तिने दात लावून पाहिलं. मग गाठोडं जमिनीवर आपटून रडत ओरडली, "वज्रगाठ बसलीय मेली! जन्मात सुटायची नाही आता!"

मी उठले. सज्जात गेले. मास्तर वाडीच्या फाटकापाशी पोचले होते आणि सवयीप्रमाणे मान वर करून आभाळ बघत उभे होते. आमच्या वाडीत मी कधी मोठ्याने बोलले नव्हते. खाली कुणाला हाक मारायची तर आईच मारी. मी कठडा धरला आणि ओरडले,

"मास्तर! वज्रगाठ!"

चारी सज्जांतून बायका बाहेर आल्या. भाजीवाला उठून बसला. "काय झालं गं? काय झालं?" कुणीतरी विचारलं. मास्तर फाटकातून परत फिरले, चिंचेखाली आले आणि वर बघून म्हणाले, "पुन्हा म्हण."

"वज्रगाठ. योग नाही, गाठ. गाठ पडते ती दोघांची. आणि... आणि सुटत नाही."

ते चिंचेच्या पारावर बसले. होय, बसले. पगडी काढून मांडीवर ठेवली. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणून पाहत होते, ओठ हलताना मला वरून दिसत होते. आपल्याला न सुचलेला शब्द ऐकून माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. त्यात आनंद होता. पण नुसता आनंद नव्हता. मग त्यांनी पगडी घातली आणि वळून न पाहता छापखान्याच्या रस्त्याने निघून गेले.

पुढच्या शनिवारी छापून आलं: 'गेल्या अंकी वज्रयोग असा जो शब्द आम्ही योजिला, तो कच्चा होता. पंचमीस जी होणार ती वज्रगाठ होय. ती वज्राप्रमाणे पक्की असते. वाचकांनी हाच शब्द चालवावा.' 'आम्ही योजिलेला शब्द कच्चा होता' हे लिहिताना मास्तरांना काय वाटलं असेल, याचा विचार मी पुढे पुष्कळदा केला.

रविवारी काका आले ते हसतच. आत्याबाईंनी घरात सगळ्यांना जमवून ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली होती. 'बघा,' म्हणाल्या होत्या, 'वेधशाळेलासुद्धा चूक उमगली. पंचमीला वज्रगाठ! याहून चांगला शकुन कुठला? मुहूर्त तोच.' त्या दिवशी पाऊस येणार आहे, याबद्दल त्यांना काहीच म्हणायचं नव्हतं.

छापखान्याच्या मालकांनी मात्र बोलल्याप्रमाणे केलं. त्या अंकानंतर 'येते हवामान' आलं नाही. तिथे केसांच्या तेलाची जाहिरात येऊ लागली. मास्तरांनी हे आम्हांला सांगितलं नाही. आम्ही अंकात पाहिलं. पुढे वर्षा-दोन वर्षांत ते आणि अक्का भोईवाडा सोडून कोकणात निघून गेले.

पंचमीला सकाळपासून श्वास घेववत नव्हता. मास्तर पहाटेच आले. मांडवात पाहुण्यांपेक्षा त्यांचीच जास्त लगबग, पण कामाची नव्हे. मांडवाच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचे, बाहेर येऊन परळच्या दिशेला बघायचे. आई देवापुढे हात जोडून म्हणत होती, एवढे चार तास पावसाला थांबव रे बाबा. मास्तर काय म्हणत होते देव जाणे. दुपार झाली. काही नाही. तिसरा प्रहर, काही नाही. त्यांचा चेहरा उतरत गेला. बोहल्यावर उभी असतानाही मला अंतरपाटाच्या कडेने मांडवाच्या तोंडाशी तो काळा कोट दिसत होता, बाहेर तोंड करून उभा. सगळ्या मांडवात आमच्याकडे पाठ करून उभा असलेला तो एकच माणूस.

अक्षता पडल्या आणि पहिली पंगत बसली. जिलबी वाढत होते तेव्हा वारा सुटला. आधी धूळ, मग केळीची पानं उडाली, मग कडाडलं, असं की वाजंत्रीवाल्याने सनई खाली ठेवली. मग सरी कोसळल्या, ताडपत्रीचं एक टोक सुटलं आणि साठलेलं सगळं पाणी भसकन पंगतीवर आलं. माणसं ताटावरून उठून ओट्यावर पळाली. मीही शालू सावरत तिथे गेले. तो माझ्या शेजारी उभा होता. आम्ही दोघंही भिजून चिंब, आणि इतक्या माणसांत उभं राहायची दोघांनाही लाज वाटत होती.

आत्याबाईंच्या पैठणीतून पाणी निथळत होतं. मला वाटलं, आता बोलतील. त्या बोलल्या, पण हात वर करून, सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल असं: "वज्रगाठ हो, वज्रगाठ! छापल्याप्रमाणे आली!" आणि वऱ्हाडातल्या पाचसहा बायकांनी, मग पुरुषांनीही, तो शब्द उचलला. वज्रगाठ, वज्रगाठ, ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मास्तर पागोळीखाली उभे होते. कोटाच्या पाठीवरच्या सगळ्या रेघा धुऊन गेल्या होत्या. आत्याबाई वळल्या. "तुम्हीच ना ते हवामानवाले? शब्द मोठा नामी काढलात हो."

मास्तरांनी तोंडावरचं पाणी पुसलं. इतक्या लोकांच्या तोंडी एकच शब्द, असं त्यांना आयुष्यात एकदाच ऐकायला मिळत होतं. 

"माझा नव्हे," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिचा."

"हिचा?" आत्याबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हणजे हिला बोलता येतं?"

"येतं," मास्तर म्हणाले. "पण आधी पुष्कळ गदमदावं लागतं."